कोरडे मोजे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी हवालदार काकांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. विचारलं तर तेही तेच नाव घेतील. पोलादपूरच्या भातगिरणीत पोती उचलणाऱ्या माणसाचा मुलगा आज बी.कॉम. होऊन मीरा रोडला एका ऑफिसात नोकरी करतो, त्याचं कारण एवढंच की भाईंदरच्या एका माणसाने त्याला छप्पर दिलं आणि झोपू दिलं नाही.

त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. सरकारी कागदावर ते नाव जिथे जिथे आलं तिथे त्याच्यापुढे दोन शब्द चिकटलेले होते: 'स्वतःचा हलगर्जीपणा'. ते दोन शब्द जावेत म्हणून काकांनी म्हातारपणी जी धडपड केली, ती मी जवळून पाहिली. त्या शब्दांशेजारी त्यांचं नाव मी पुन्हा लिहिणार नाही.

काका आमच्या नात्यातले नव्हते. शेजारच्या गावचे, फौजेतून निवृत्त झालेले, भाईंदर पश्चिमेला जुन्या बाजारामागे एका सोसायटीत राहणारे. जत्रेला गावी आले होते तेव्हा बाबांनी धीर करून विचारलं, "पोराला कॉलेजात घालायचंय. तुमच्याकडे पथारी टाकायला कोपरा मिळेल का?"

काका म्हणाले, "पाठवून द्या. आम्ही दोघं असतो. तिसऱ्याची अडचण नाही."

बाबांना वाटलं, दोघं म्हणजे नवराबायको. आईने काकूंसाठी खोबऱ्याच्या वड्या आणि एक खण बांधून दिला. मी पिशवी घेऊन तिसरा मजला चढून गेलो, काकांनी दार उघडलं, मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काकू कुठायत?"

"कसली काकू? लग्न कुणी केलंय?"

घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. दुसरं कुणीच नव्हतं. वड्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. खण बरीच वर्षं कपाटात पडून होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरचे कायदे सांगितले. घरात बर्फ येणार नाही. फ्रीज नव्हताच. उसाचा रस प्यायचा तर बिनबर्फाचा. मे महिन्यातही पंखा लागणार नाही. मला उकडलं तर मी गॅलरीच्या दारात बसावं, पण गॅलरीतल्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसू नये. दुसरी खुर्ची प्लास्टिकची होती, ती काकांची. दोन्ही खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"लोखंडी खुर्चीवर कोण बसतं?" मी विचारलं.

"ज्याची आहे तो."

मला वाटलं, फौजी विनोद असेल.

काकांच्या डाव्या पायाला एकही बोट नव्हतं. उजव्याला अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली होती. बाकीची बोटं बर्फात गेली होती, उंचावरच्या एका चौकीवर, शत्रूच्या चौकीसमोर. चालताना ते डुलायचे, होडीत उभ्या असलेल्या माणसासारखे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोटं वर राहिलीत. ड्युटीवर आहेत अजून." आणि एखाद्या रणरणत्या दुपारी अचानक दोन्ही हातांनी बूट घट्ट धरून म्हणायचे, "वर बर्फ पडतंय." मग तासभर बोलायचे नाहीत. त्या उन्हात त्यांच्या दंडावर काटा आलेला मी स्वतः पाहिलाय.

दुखणं त्यांना आवडायचं. सोसायटीत कुणाची दाढ दुखो, कंबर दुखो, काका आनंदाने म्हणायचे, "दुखतंय ना? मग बरं आहे." तळमजल्यावरचे एक आजोबा यावरून त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. पण काकांचा तो सिद्धांतच होता. पाय दुखतोय तोवर आपला. दुखायचा थांबला, छान उबदार वाटायला लागलं, की समजावं, गेला. "आणि आपला पाय आपण कधी बघायचा नाही, संज्या. आपण आपल्याशी खोटं बोलतो. म्हणतो, काही नाही झालेलं. पाय जोडीदाराने बघायचा. वर तसाच हुकूम असतो. संध्याकाळी मोजा काढायचा, पाय जोडीदाराच्या मांडीवर ठेवायचा, त्याने बोटं दाबून बघायची आणि म्हणायचं, ठीक. मगच मोजा चढवायचा."

हे ते नुसतं सांगत नव्हते. रोज दिवेलागणीला ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, डावा मोजा काढायचे आणि तो ठेंगणा, चपटा पाय समोरच्या लोखंडी खुर्चीवर ठेवायचे. मान वळवून रस्त्याकडे बघत राहायचे, पायाकडे नाही. खाली भाजीवाले ओरडत असायचे, रिक्षा वळत असायच्या. थोड्या वेळाने काका मान हलवायचे, कुणीतरी काहीतरी सांगितल्यावर हलवतात तशी, मोजा चढवायचे आणि उठून देवापुढे दिवा लावायचे.

पहिले काही दिवस मी घाबरलो. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मला तर कॉलेज पूर्ण करायचं होतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या हंसाबेन मात्र घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्याकडे दर पौर्णिमेला सत्संग असायचा आणि खुर्च्या कमी पडायच्या. "काका, वो लोखंडवाली खुर्ची देदो ना, दोन घंट्यांत परत आणून देते."

"बसलेल्या माणसाला उठवत नाहीत, बेन."

"कौन बैठा है? काका तुम्ही पण ना, एकदम नाटकी!" असं म्हणून त्या सरळ गॅलरीत गेल्या आणि पदर सावरून त्या खुर्चीवर बसल्या. भर मे महिना. बसल्या आणि चटका बसावा तशा उठल्या. "अरे बापरे! कितनी ठंडी छे!" मी पुढे होऊन खुर्चीच्या पाठीला हात लावला. फ्रीजमधल्या स्टीलच्या तांब्याला लागतो तसा गारवा होता. गॅलरी सावलीत होती, लोखंड गार राहतं, हे मला कळतं. पण शेजारच्या खिडकीचे गज तापलेले होते, तेही लोखंडाचेच.

काका हंसाबेनना म्हणाले, "त्याच्याकडून मी माफी मागतो." त्यानंतर त्यांनी खुर्ची कधी मागितली नाही. पण काकांसाठी ढोकळा पाठवताना त्या नेहमी दोन वाट्या पाठवायला लागल्या. दुसरी वाटी मी खायचो.

माझा अभ्यास त्यांनी करून घेतला तोही चौकीच्याच पद्धतीने. मी पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसलो की ते खाटेवरून हाक द्यायचे, "जागा?" मी म्हणायचं, "जागा." डुलकी लागून उत्तर चुकलं तर ते उठून खांदा धरून गदागदा हलवायचे, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा रागावलेला नसायचा, भेदरलेला असायचा. चौकीवर दोघे असले की असंच करतात म्हणे. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. थंडीत झोप आली की ती झोप माणूस परत देत नाही. बारावीला काठावर पास झालेला मी पदवीला पहिल्या वर्गात आलो तो या 'जागा?'मुळे. आजही ऑफिसात दुपारी डोळा लागायला आला की कानाशी ती हाक येते आणि मी ताठ बसतो.

एकदा सुट्टीच्या दुपारी ते मला खाडीकडच्या मिठागरांवर फिरायला घेऊन गेले. मला वाटलं, समुद्राचा वारा खायला. तिथे ऊन इतकं होतं की डोळे उघडत नव्हते. चौकोनी वाफे, त्यांत चमकणारं पाणी आणि बांधावर मिठाचे पांढरे ढीग, एकामागून एक. माणूस एकही नव्हता. काका बांधावरून पुढे, मी मागे. "माझ्या पावलावर पाऊल टाक," ते म्हणाले. दोन्ही बाजूंना घोटाभर पाणी होतं, पडलो असतो तरी काही बिघडलं नसतं, पण मी निमूट तसाच चाललो. सगळं पांढरंशुभ्र होतं आणि कसलाच आवाज नव्हता. एका ढिगाजवळ ते थांबले, पाठमोरेच, आणि हाक दिली, "जागा?"

"जागा," मी म्हणालो.

"तुला नाही विचारलं."

ते तसेच उभे राहिले. मी श्वास रोखला. मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण काकांनी ऐकलं, कारण त्यांचे खांदे सैल झाले आणि ते म्हणाले, "चल आता. जेवायची वेळ झाली."

घरी आल्यावर मी पहिल्यांदा सरळ विचारलं, "काका, कोण आहे तो?"

"पास्कू," ते म्हणाले. "माझा जोडीदार. उत्तनचा."

पास्कू उत्तनच्या कोळीवाड्यातला, ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा. चोविशी-पंचविशीचा. बर्फातल्या चौकीवर काका आणि तो जोडीने होते, आणि तो तिथेच गेला. काका निवृत्त झाल्यावर पोलादपूरला परत न जाता भाईंदरला आले ते यासाठी. इथून उत्तनला बस जाते. दर रविवारी चहात बुडवायच्या बटरचा पुडा घेऊन ते त्या बसने पास्कूच्या आईकडे जायचे. म्हातारीने त्यांना कधी विचारलं नाही की माझा मुलगा कसा गेला, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. नुसते बसायचे. ती जाळं सांधायची, ते दोरा ओवून द्यायचे.

म्हातारी गेली त्या वर्षी मी नोकरीला लागलो होतो. लग्न ठरलं होतं, पण अजून काकांकडेच राहत होतो. दफन आटोपून उत्तनहून परत आल्यावर काकांनी पायातले बूटही न काढता मला म्हटलं, "संज्या, तू आता ग्रॅज्युएट. माझा एक अर्ज लिही. मला पदक पाहिजे."

ड्युटीवर जखमी झालेल्या सैनिकाला एक पदक मिळतं. शत्रूसमोरच्या चौकीवर थंडीने झालेली जखमही त्यात धरतात. पण माणसाने स्वतःच्या चुकीने जखम करून घेतली असेल तर नाही. काकांच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं: चौकीवर असताना स्वतःचे बूट आणि कोरडे मोजे काढले, स्वतःचा हलगर्जीपणा.

"पदकाचं मला काय करायचंय," ते म्हणाले. "पण ते दिलं म्हणजे त्यांना ते दोन शब्द खोडावे लागतील. मी मरताना हलगर्जी म्हणून नाही मरणार. पोरा, जोडीदाराच्या बाबतीत मी हलगर्जीपणा केला नाही."

"मग काढले कशाला मोजे?"

मग त्यांनी सांगितलं. मी ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"वादळ सुरू होतं. दिवस होता, पण दिवस कसला? वर पांढरं, खाली पांढरं, हात लांब केला तर हात दिसत नव्हता. पास्कू पुढच्या खड्ड्यात पहाऱ्यावर होता. मी सरपटत गेलो. बघतो तर गडी बसल्या जागी झोपलाय. मांडीवर बर्फ साठलेलं. पायात बूट ओले. समोर शत्रू आणि हा झोपलेला! मी कानाखाली वाजवणार होतो. पण आधी त्याचे पाय बघितले. पांढरे, मेणासारखे. मी माझे बूट काढले, कोरडे मोजे काढले, त्याला घातले. त्याचे ओले मी घातले. परत जायची वाट वादळाने बंद केली होती. तिथेच त्याला पाठ लावून बसलो. मी विचारायचो, जागा? तो म्हणायचा, जागा. मला झोप आली की तोच विचारायचा, जागा? मी म्हणायचो, जागा. असं किती वेळ, मला माहीत नाही. वादळ थांबलं, माणसं आली, आम्हाला खाली नेलं. डॉक्टरने त्याला तपासलं आणि मला म्हणाला, हा तू जायच्या आधीच गेलाय. बर्फासारखा कडक झालाय. मेलेल्याच्या पायात कशाला घातलेस मोजे?"

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "संज्या, तो आधीच गेला होता, तर मला जागं कुणी ठेवलं?"

बाहेर रस्त्यावर ऐन संध्याकाळची गर्दी होती, हंसाबेनच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, आणि माझ्या पाठीला घाम आला होता तो गार पडला.

डॉक्टरने मोज्यांचं कागदावर काही लिहिलं नव्हतं. चौकशी झाली तेव्हा साहेबाने विचारलं, बूट का काढले? खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की जोडीदार पहाऱ्यावर झोपला होता, त्याला वाचवायला काढले. शत्रूसमोर पहाऱ्यावर झोपला, हे कागदावर आलं असतं तर तो कागद उत्तनला त्याच्या आईकडे गेला असता. काका म्हणाले, "काढले, साहेब. माझी चूक झाली." आणि ते दोन शब्द कायमचे लागले. म्हातारी जिवंत असेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. आता ती नव्हती.

पण अजून पास्कूची धाकटी बहीण होती, फिलूमावशी. तिला विचारल्याशिवाय काका लिहू देईनात. आम्ही उत्तनला गेलो. ती बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. काकांनी तिच्यासमोर उभं राहून, परेडला उभे राहतात तसं, सगळं सांगितलं आणि विचारलं, "तो झोपला होता असं लिहू का?"

फिलूमावशी हसली. "भाऊ, तो झोपलाच असंल. होडीत उभ्या उभ्या झोपायचा तो. आये म्हनायची, दर्यानं गिळला तरी याला जाग न्हाय यायची." तिने हातातला बोंबील उलटून टांगला. "लिव तू. माजी काय बी हरकत न्हाय. तुजी बोटं गेली, नाव बी गेलं, आनी किती राखशील? पन त्याला इचारलास काय?"

"कुणाला?"

"त्याला रं. त्याचं नाव हाय. मी कोन परवानगी देनारी?"

मला वाटलं, गंमत करतेय. पण ती गंमत करत नव्हती, आणि काकांनीही मान हलवली. बसमध्ये परतताना ते म्हणाले, "बरोबर बोलली. आधी त्याला विचारायला हवं होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी मोजा काढला, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून हळू आवाजात बोलत राहिले. मी आत पोळ्या लाटत होतो. पोळ्या झाल्या, भाजी झाली, तरी ते उठले नाहीत. बाहेर गेलो तर पाय तसाच उघडा.

"काका, मोजा घाला. जेवायला चला."

"ठीक म्हणत नाहीये," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांचा चेहरा आई हरवलेल्या मुलासारखा झाला होता. मी खाली बसलो, तो पाय हातात घेतला, नीट बघितला आणि म्हणालो, "ठीक आहे, काका." ते म्हणाले, "तुझं म्हणणं चालत नाही, बाळा. तू तिथे नव्हतास." शेवटी मीच मोजा चढवला. खुर्चीला चुकून हात लागला. ती इतर वस्तूंसारखीच कोमट होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरात खरी भीती वाटली ती त्या कोमटपणाची.

तसंच पुढे चाललं. रोज पाय उघडा आणि समोरून काही नाही. काका खंगायला लागले. मी चिडून म्हणालो, "काका, तो मेलाय. तुम्ही जिवंत आहात. तुमच्या नावाचं काय?"

"मेलाय तो साऱ्या जगाला. माझ्याशी बोलत होता."

अर्जात मी ते वाक्य लिहिलं होतं, 'जोडीदार पहाऱ्यावर झोपलेला आढळला म्हणून'. काकांनी ते काढायला लावलं. बूट का काढले, या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवून अर्ज पाठवला. मी म्हटलं, अशाने अर्ज परत येईल. तो परत आला नाही. एका कर्मचाऱ्याला पडताळणीसाठी घरी पाठवू, तो अर्जदाराचा तोंडी जबाब घेईल, असं कळवण्यात आलं. म्हणजे तोच प्रश्न आता तोंडावर येणार होता.

"काय सांगाल?" मी विचारलं.

"विचारलं तर बघू," काका म्हणाले. पण त्यांना बघायचं नव्हतं. त्यांना एकतर स्वतःचं नाव मिळणार होतं किंवा पास्कू, आणि कुठलंही एक निवडणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

पडताळणीचा माणूस आला त्या दिवशी महिनाअखेर होती, मला रजा मिळाली नाही. हंसाबेननी चहा करून देण्याचं कबूल केलं होतं, पण त्याही दुपारी लग्नाला गेल्या. काका घरात एकटे होते. संध्याकाळी मी धावतपळत घरी आलो, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकलो. पंखा सुरू होता.

काका पंख्याखाली बसून पेरू खात होते. "ये, ये. घामेजलास. बस वाऱ्याला."

"माणूस आला होता?"

"आला होता. भला गृहस्थ. निवांत बसून गेला."

"विचारलं का त्याने, बूट का काढले?"

"विचारलं."

"मग?"

"मला काही सांगावंच लागलं नाही," काका म्हणाले आणि इतके मोकळे हसले की पुढचं विचारायचं माझ्या जिभेवरच राहिलं. मला वाटलं, माणसाने म्हातारपण बघून आग्रह केला नसेल. म्हणजे पदक गेलं. पण काका पोटभर जेवले आणि झोपले ते हाक न देता.

त्यानंतरच्या रविवारी ते उत्तनला गेले आणि तिकडेच राहिले. फिलूमावशीकडे समुद्राच्या बाजूला एक पडवी होती, तिथे त्यांनी खाट टाकली. मोबाइल ते कधीच वापरत नसत, कानाला गार लागतो म्हणायचे. म्हणून पदकाच्या अर्जाचं सरकारी उत्तर भाईंदरच्या पत्त्यावर आलं तेव्हा मला त्यांना पत्रच लिहावं लागलं. कामाच्या दिवसांत जाणं जमत नव्हतं आणि थांबण्यासारखी गोष्ट नव्हती.

पत्र त्यांना मिळालं. फिलूमावशीने वाचून दाखवलं. ती सांगते, ऐकताना ते एकदा डोळे मिटून हसले, मग त्यांनी पत्रासोबतचा कागद मागून घेतला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोंबील उलटायला बाहेर गेली, परत आली तेव्हा ते गेले होते, झोपेत. शर्टाचा खिसा तिने पाहिला. कागद नव्हता. पडवीत, खाटेखाली, अंगणात, कुठेच नव्हता. पदकाच्या ऑफिसकडून मला त्यानंतर काही आलेलं नाही आणि मीही काही विचारलेलं नाही.

पत्राची प्रत मी ठेवली होती. ती अशी:

ती. हवालदार काकांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमची तब्येत कशी आहे? इकडे सर्व ठीक. हंसाबेन रोज तुमची चौकशी करतात.

पदकाच्या अर्जाचं उत्तर आलं आहे. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. पडताळणीला आलेल्या माणसाने वर असं कळवलं आहे, की तो आला तेव्हा घरात दोघे होते. बूट का काढले हा प्रश्न विचारल्यावर तुम्ही गप्प राहिलात. तुमच्यासमोर बसलेल्या दुसऱ्या गृहस्थांनी उत्तर दिलं. ते म्हणाले, मी पहाऱ्यावर झोपलो होतो, याने स्वतःचे कोरडे मोजे आणि बूट मला घातले, यात याची चूक नाही, माझी आहे, तसं लिहा.

हे उत्तर त्यांना पटलं आहे. 'स्वतःचा हलगर्जीपणा' हा शेरा काढायला हरकत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. अडचण एकच आहे. त्या गृहस्थांची सही घ्यायची राहिली. त्यांनी नावही सांगितलं नाही. शिवाय पडताळणीच्या माणसाच्या मते त्यांचं वय पंचविशीच्या वर दिसत नाही, तेव्हा ते त्या काळी चौकीवर कसे असू शकतील याचा खुलासा मागितलाय.

मी त्या माणसाला फोन केला. मला वाटलं, त्याची काही गफलत झाली असेल. तो म्हणाला, गफलत नाही, माणूस चांगला लक्षात आहे, बोलणं उत्तनकडचं होतं, आणि एवढ्या उकाड्यात पायात लोकरीचे मोजे होते.

काका, खुलासा काय करायचा ते मला सुचत नाही. तो तुम्ही सांगाल तसा लिहीन. पण सहीशिवाय काम होणार नाही. जबाबाचा कागद सोबत पाठवत आहे. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलने फुली मारली आहे. त्यांना तेवढी दाखवा.

आपला,
संजय